म्हणे, ‘बोलणारा कधी करत नाही’

आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. सारांश असा: आजच्या पोरांना काम सोसत नाही, मरणाचं बोलणारा काही करत नाही, त्याला विचारलं तर नसलेलं डोक्यात शिरतं, आणि रोज ऑफिसला जातोय म्हणजे बरा आहे. खाली जोडलेले हात. पुण्याच्या आयटी पट्ट्यात, हिंजवडीजवळ दवाखाना चालवतो, त्यामुळे गप्प बसवेना.

‘बोलणारा करत नाही’ हे साफ खोटं. जीव दिलेल्या अनेकांनी आधी कुणाला तरी सुचवलेलं असतं, फक्त सरळ शब्दांत नाही. ‘मी नसलो की तुमची कटकट मिटेल’ हे वाक्य आपण वैतागावर घालवतो.

‘विचारू नये’ हे त्याहून वाईट. विचारल्याने धोका वाढत नाही, हे संशोधनात तपासून झालंय. पण विचारायचं कसं? ‘असले वेडेवाकडे विचार नाहीत ना येत?’ यात ‘नाही’ आपणच भरलेलं असतं. एक सव्वीस वर्षांचा मुलगा ॲसिडिटी म्हणून आला. सॉफ्टवेअरचं रिलीज तोंडावर, दोन महिने धड झोप नाही. टेबलावर उपडा ठेवलेला फोन सारखा थरथरत होता. तपासून झाल्यावर विचारलं, ‘जगणं नको, जीव द्यावा असं वाटतं का?’ बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘रोज. पार्किंगमध्ये गाडी लावली की.’

खरं काम तिथून सुरू होतं. काही ठरवलंय का? साधन हाताशी आहे? आधी प्रयत्न झालाय? दारू वाढलीय? आज रात्री घरी कोण आहे? नुसता विचार असेल तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ. बेत आणि साधन दोन्ही असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, साधन दूर करायचं, त्याच दिवशी हॉस्पिटल. या मुलाचा बेत ठरलेला होता. त्याला विचारून त्याच्या भावाला फोन लावला. दादा चाकणहून येईपर्यंत तो माझ्यासमोरच बसला, चहा न पिता.

एक गोष्ट डॉक्टरांच्याही नजरेतून सुटते. नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-९ फॉर्ममध्ये सगळे गुणांची बेरीज बघतात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्य नसेल, तर बेरीज कितीही कमी असो, पुढचं विचारायलाच हवं.

ऑफिसला जाणं म्हणजे बरं असणं नव्हे. मित्रांचे फोन, जेवण, अंघोळ आधी सुटते. नोकरी बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी.

राहिलं ‘काम सोसत नाही’. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं. शरीर असं मोडतं, तर मन वेगळं कुठून आणायचं? आत्महत्येमागे एकच कारण नसतं हे खरं. पण हेच वाक्य पुढे करून कंपन्या हात झटकतात, तेव्हा माझा संताप होतो.

‘पोलिस केस होईल’ म्हणून लपवणाऱ्यांसाठी: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच ते गृहीत धरतं. उलट सिद्ध झाल्याशिवाय खटला, शिक्षा नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. उत्तर कुणाचंच नाही. रात्री मेसेज पाठवणाऱ्या काकांचाच फोन आला, हळू आवाजात. ‘अरे, ती सरकारी टेलिमानस हेल्पलाइन आहे ना, तिथे मराठीत बोलतात का?’

बोलतात, काका. चोवीस तास, फुकट. १४४१६. कोणासाठी हवाय?