ब्रेल डिस्प्लेच्या तक्रारीबद्दल दुकानाकडून उत्तर

नमस्कार मॅडम,

दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंय की डिस्प्लेवर, म्हणजे संगणकावरचा मजकूर बोटांखाली टिंबांनी उमटवणाऱ्या यंत्रावर, मराठी येतच नाही, खालची दोन टिंबं सारखी वरखाली होतात, सूचना वाचून व्हायच्या आत गायब होतात, म्हणजे मशीनच खराब आहे. आणि तीनदा फोन करूनही कुणी आलं नाही. फोनचं आधी बोलतो. तिन्ही फोन आमच्या वहीत लिहिलेले आहेत, पुढे कुणी काही केलं नाही. सबब नाही. माफ करा.

मराठीचा घोळही आमचाच. आमचा मुलगा तुमच्या बँकेत आला, एनव्हीडीए (स्क्रीनवरचा मजकूर बोलून आणि ब्रेलमध्ये दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठी परिपत्रक घडाघडा वाचतंय हे कानांनी ऐकलं आणि काम झालं म्हणून निघाला. त्याला ब्रेल येत नाही. (मीही दुकान टाकल्यावरच शिकलो, म्हणून त्याला फार रागावता येत नाही.) पण आवाज आणि ब्रेल यांचा कारभार वेगळा असतो. आवाज मजकुराची भाषा पाहून बदलू शकतो. ब्रेल मात्र निवडलेल्या आउटपुट टेबलाप्रमाणेच, म्हणजे कोणत्या अक्षराला कोणती टिंबं हे सांगणाऱ्या तक्त्याप्रमाणेच, उमटतं. तिथे इंग्रजी ग्रेड २, म्हणजे संक्षिप्त इंग्रजी ब्रेलचं टेबल, राहून गेलं होतं. त्या टेबलाला देवनागरी ठाऊक नाही, त्यामुळे ‘क’ आला की ते त्याचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात त्या अक्षराला दिलेला क्रमांक, उमटवतं: उलटा स्लॅश, एक्स, ०९१५. एका अक्षराला निदान आठ खाने (एका खान्यात टिंबांचं एकच चिन्ह मावतं), आणि तुमचा डिस्प्ले २० खान्यांचा. ‘कर्ज’ एवढा शब्दसुद्धा त्यात मावत नाही. असल्या अवस्थेत तुम्ही दोन आठवडे काढलेत.

एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये ‘ब्रेल’ उघडून आउटपुट टेबल ‘मराठी ग्रेड १’ करा. मग ‘क’ म्हणजे टिंबं १ आणि ३, जोडाक्षराआधी टिंब ४, शाळेत शिकलात तसंच. डिस्प्लेच्या कळांवरून मराठी लिहिणार असाल तर इनपुट टेबल वेगळं बदलावं लागतं. इंग्रजी ईमेलसाठी रोज टेबल बदलत बसू नका. मराठीचं एक आणि इंग्रजीचं एक असं कॉन्फिगरेशन प्रोफाइल (सेटिंग्जचा साठवून ठेवलेला संच) करून प्रत्येकाला शॉर्टकट देता येतो. हे खरं तर पहिल्याच दिवशी करून द्यायला हवं होतं.

मशीन खराब आहे, हे मात्र मला मान्य नाही. वरखाली होणारी ती टिंबं ७ आणि ८, म्हणजे कर्सर. कागदावरच्या सहा टिंबांच्या ब्रेलमध्ये ती नसतातच, त्यामुळे बिघाड वाटणं साहजिक आहे. ‘ब्लिंक कर्सर’ बंद केलं की ती स्थिर राहतील. सूचनांची मुदत मुळात ४ सेकंदांची असते. बोटांनी वाचणाऱ्याला ती कशी पुरावी, मला कधी कळलेलं नाही. ‘शो मेसेजेस’मध्ये कायम दाखवण्याचा पर्याय निवडा. सूचना वाचून झाली की कुठलीही राउटिंग की (प्रत्येक खान्याजवळची छोटी कळ) दाबा, ती जाईल.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर मी स्वतः बँकेत येतो. सोबत आमच्याकडच्या ब्रेल वाचणाऱ्या ताई असतील. परिपत्रकाचं एक पान आधी त्या वाचतील, मग तुम्ही. त्यानंतरही टिंबं चुकली, तर मशीन त्याच पिशवीतून परत नेतो आणि पूर्ण पैसे देतो.