तोंड कुठाय तिचं?

आज वडगावात एका हळदीला गेले होते. मांडवाच्या कडेला आठ-नऊ वर्षांची एक पोर मोबाईल जमिनीवर तांब्याला टेकवून ठेवत होती. मी म्हटलं, "अगं, कुणाला तरी वर धरायला सांग की. तोंड नाही यायचं तुझं." तर म्हणते, "काकू, खालीच ठेवायचा असतोय. गाण्यात तसंच दाखवतात."

आणि नाचली. मी वाकून स्क्रीनकडं बघितलं. गळ्यापर्यंत पोर, त्याच्या वर काहीच नाही.

जेवले नाही मी. तशीच घरी आले.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीला एका अल्बम साँगमध्ये घेतलं होतं. कुणी काढलं ते सांगत नाही. जांबोटीच्या बाजूला शूटिंग होतं. पंधरा दिवस रात्री जेवणं झाल्यावर आमच्या माडीवर तिनं स्टेप बसवल्या. परकर-पोलकं मी शिवलं. गुळेदगुड्डचा खण, बाही कोपरापर्यंत, पाठ बंद. हे मुद्दाम सांगतेय, कारण खाली कॉमेंटमध्ये कुणीतरी येणारच, कपडे नीट घालावेत म्हणून. कपडे नीटच होते हो. कॅमेरा चिखलात, तिच्या गुडघ्याच्या खाली लावलेला होता.

मी छत्री धरून तिथंच उभी. म्हटलं, बाळ, समोरनं पण घ्या की. "काकू, एडिटिंगमध्ये बघतो."

गाणं आलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद. पोरगा बुलेटवरनं उतरला, की त्याचं तोंड. गॉगल काढला, तोंड. नुसता झाडाला टेकून उभा राहिला, तरी तोंड. आणि आमची? पैंजण, पोटरी, कंबर, ओठ, पाठ, परत कंबर, तीही स्लो मोशनमध्ये. घड्याळ लावून मोजलं मी. तिचा पूर्ण चेहरा अकरा सेकंद. माझ्या आईनं मोबाईल डोळ्याजवळ नेऊन विचारलं, "ह्यात आमची पोर कुठाय गे?" भाची शेजारीच बसली होती. उठून आत गेली.

बाजारात बैल घेतानासुद्धा माणूस त्याचं तोंड उघडून दात बघतो. इथं तेवढंही नाही.

भाचीनंच नंतर सांगितलं, ह्याला 'मेल गेझ' म्हणतात. लॉरा मल्वी नावाच्या ब्रिटिश बाईनं १९७५ साली सिनेमाबद्दल हे लिहून ठेवलंय. पुरुष बघणारा, बाई बघायची वस्तू, आणि कॅमेरा त्या पुरुषाचा डोळा. पन्नास वर्षं झाली! माझ्या आईला एका वाक्यात कळलं ते गाणी काढणाऱ्यांना अजून कळत नाही? कळतं. चांगलं कळतं. कॅमेरा आपोआप चिखलात जाऊन बसत नाही, कुणीतरी वाकून ठेवतो तो.

आणि दुसरं करता येत नाही असंही नाही. १९९५ साली अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं तेव्हा टीव्हीला चिकटून बसायचो आम्ही. त्यात ती राणी, आणि पुरुष एकेक करून तिच्यापुढं आणले जातात. बघणारी ती. आवडला नाही की नुसत्या चेहऱ्यावरनं कळायचं. हां, मिलिंद सोमणलाही पेटीतनं बाहेर काढून दाखवलाच होता, तेही बघणंच झालं. मान्य.

लावणीचं काय, असं म्हणाल. फडावर बसणाऱ्यांच्या नजरा काय देवळातल्या नव्हत्या, तेही मान्य. पण लावणीतली बाई समोरच्याला नजर देते, बोलते, टोमणा मारते. भाचीला त्या गाण्यात एक ओळसुद्धा नाही. ओठ जवळनं दाखवले, पण शब्द सगळे त्याचे.

पाटी कुठल्या भाषेत असावी ह्यावरनं आमच्या बेळगावात लोक रस्त्यावर उतरतात. पण मिरवणुकीत डीजेच्या पडद्यावर कन्नड गाणं लागू दे, नाही तर मराठी, कॅमेरा तिथंच फिरतो आणि कुणी काही बोलत नाही. शिवजयंतीच्या चित्ररथावर हीच भाची जिजाऊ झाली होती. गल्लीतली पोरं पहाटेपर्यंत रथाबरोबर चालली, हात जोडून. त्याच पोरांनी तिच्या गाण्यातला कमरेचा तुकडा कापून स्टेटसला ठेवला. त्यातल्या दोघांना मी लहानपणी कडेवर घेतलंय.

सिनेमाला निदान सेन्सॉरची पायरी चढावी लागते, यूट्यूबवरच्या गाण्याला तीही नाही. बायकांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध १९८६ चा कायदा आहे. पण तक्रार कशाची करू? कपडे अंगभर, शब्द साधे. पोलिसाला काय सांगू, साहेब, तोंड कापलंय म्हणून?

भाचीवर माझा राग नाही. ज्या मुली पोटासाठी असली गाणी करतात त्यांच्यावरही नाही, त्यांना इथं कुणी नावं ठेवली तर कॉमेंट काढून टाकीन. त्या कॅमेरा धरणाऱ्या पोरावरही आता तेवढा नाही. वीस-बावीसचा असेल. त्यानंही लहानपणापासनं हेच बघितलंय, आज त्या तांब्याजवळच्या पोरीनं बघितलं तसंच.

मघाशी भाचीला फोन करून हळदीतलं सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, त्या दिवशी तू पण काढला होतास की व्हिडिओ. आहे का?"

आहे. एका हातात छत्री, म्हणून हललाय. एका कोपऱ्यात पाण्याचा थेंब बसलाय. पण पायापासनं डोक्यापर्यंत अख्खी पोर आहे त्यात. तिला विचारून खाली टाकतेय. दुसऱ्या मिनिटाला तिची गिरकी चुकते, आणि ती माझ्याकडं बघून जीभ चावते.