‘1 ते 12 जूनची बिलं गायब’ या तक्रारीवर आमचं उत्तर

भाऊ, नमस्कार. जळगावहून लिहितोय, तुमच्या दुकानातला बिलाचा प्रोग्राम आमचाच. तुम्ही एकच स्टार दिलात, तो बदला असं म्हणणार नाही. इतरांना कळावं म्हणून तुमच्या तक्रारी आधी मांडतो. आदल्या दिवशी उधारीवर कपाशीचं बियाणं नेलेल्या शेतकऱ्याला 3 जूनला ‘117 दिवसांची थकबाकी’ असा मेसेज गेला. 13 जूनला ऐन गर्दीत बिलच सेव्ह होईना. संध्याकाळी आमच्या माणसाने फोनवरून दुरुस्ती केली, तर 1 ते 12 जूनची विक्री गायब, फक्त 6 तारखेची शिल्लक. ‘डेटा उडवला’ असं तुम्ही लिहिलंय. एकही बिल उडालेलं नाही, पण झालं तेही काही कमी नाही.

मे अखेरीस तुमचा कॉम्प्युटर बदलला. आमच्या मुलाने अमळनेरला येऊन एसक्यूएल सर्व्हर (बिलांचा सगळा डेटा साठवणारा प्रोग्राम) नव्याने टाकला आणि लॉगिनची भाषा मुळात येते तशी अमेरिकन इंग्रजीच राहू दिली. जुन्या मशीनवर आम्ही ती ब्रिटिश केलेली होती. तारखेत आधी दिवस की आधी महिना, हे सर्व्हर त्या भाषेवरून ठरवतो. 02/06/2025 हे ब्रिटिश सेटिंगला 2 जून, अमेरिकनला 6 फेब्रुवारी. आणि आमचा प्रोग्राम तारीख नुसता मजकूर म्हणून पाठवायचा, कशी वाचायची ते सर्व्हरवर सोडून. तो भाग मीच लिहिलाय, त्यामुळे मुलावर ढकलत नाही.

मग 1, 2, 3 जूनची बिलं जानेवारी, फेब्रुवारी, मार्चच्या 6 तारखेला, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसली. 7 ते 12 जूनची जुलै ते डिसेंबरमध्ये. 06/06 उलटं वाचलं तरी तेच, म्हणून ती एक तारीख वाचली. 13 जूनला सर्व्हरला तेरावा महिना सापडेना, तेव्हा त्याने ‘आउट ऑफ रेंज’ म्हणून बिल परत पाठवलं. तुमचा दिवस वाया गेला, पण खरी चूक त्या दिवसाची नव्हती. 6 तारीख सोडून आधीचे अकरा दिवस मशीन काही न बोलता चुकीचं लिहून घेत होतं.

तुम्हाला ते कळणार तरी कसं? रोजमेळ रोज बरोबर यायचा. 2 जूनची विक्री मागितली की प्रश्नातली तारीखही तशीच उलटी वाचली जायची, आणि उलटंला उलटं बरोबर जुळायचं. 13 तारखेला लॉगिनची भाषा ब्रिटिश केली, बिलं सुरू झाली, पण जुना हिशोब जुळेनासा झाला. थकबाकीचा मेसेज तेवढा आजच्या खऱ्या तारखेवरून दिवस मोजतो, म्हणून पहिली बोंब त्यानेच मारली. 3 जूनलाच तुम्ही फोन केला होता, आणि आमच्याकडून उत्तर मिळालं, ‘तुमच्या पोराने तारीख चुकीची टाकली असेल.’ ते वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. माफ करा. (त्यावर तुम्ही अहिराणीत जे ऐकवलंत ते इथे लिहिता येणार नाही, पण हक्काचं होतं.)

दुरुस्ती अशी केली. आधी बॅकअप घेतला. प्रत्येक बिलाला नोंद झाल्याची वेळ सर्व्हर स्वतः लावतो, ती मजकुरातून जात नाही. तिच्यावरून आणि चढत्या बिल नंबरवरून ते अकराही दिवस जागेवर आणले, छापील बिलांशी ताडून पाहिले. जूनचं जीएसटी रिटर्न भरायच्या आत हे झालं. आता प्रोग्राम तारीख मजकूर म्हणून नाही, तारीख म्हणूनच पाठवतो. कुठे मजकूर लागलाच तर 20250613 असा, जो भाषा कोणतीही असो, एकच वाचला जातो. उद्याच्या पुढची किंवा मागच्या आर्थिक वर्षातली तारीख असेल तर बिल अडतं. ही अडवणूक पहिल्यापासून हवी होती.

यंदा ज्या दुकानदारांनी मशीन बदललंय त्यांनी मागच्या महिन्यांच्या 1 ते 12 तारखांची बिलं एकदा छापील प्रतीशी ताडून बघा, आणि फरक दिसला तर स्वतः काही न खोडता आम्हाला कळवा.

भाऊ, या वर्षाचा देखभालीचा खर्च तुमच्याकडून घेणार नाही. चुकीचा मेसेज गेलेल्यांना मी स्वतः फोन करतो, तुम्ही फक्त नंबर द्यायला हरकत नाही ना ते सांगा. 13 तारखेच्या हाताने लिहिलेल्या पावत्या अजून चढायच्या आहेत. गुरुवारी मुलगा सकाळच्या गाडीने येईल, तो गठ्ठा गल्ल्याजवळ काढून ठेवा.