छत्रछाया

एसीच्या बाहेरच्या युनिटचा पहिला स्क्रू फिरलाच नाही. दुसरा फिरला, पण त्याचं डोकं तेवढं स्क्रूड्रायव्हरला चिकटून वर आलं, धड आतच राहिलं. तिसऱ्याला मेकॅनिकने नुसता धक्का लावला, तर त्याची तपकिरी भुकटी झाली. ती भुकटी तळहातावर घेऊन त्याने फुंकर मारली आणि विचारलं, "साहेब, समुद्र किती लांब इथून?"

"हा काय, समोर दिसतो की," मी म्हणालो. हे वाक्य मी आजवर शेकडो वेळा अभिमानाने म्हटलंय. त्या दिवशी पहिल्यांदाच ते कबुलीजबाबासारखं वाटलं.

घरासमोर समुद्र म्हणजे काय, हे पाहुण्यांना विचारू नये. ते संध्याकाळी येतात, गॅलरीत उभे राहतात, "काय नशीब काढलंत हो!" म्हणतात, फोटो काढतात आणि निघून जातात. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ मात्र मुक्कामाला राहतं. ते काचांवर बसतं, कड्या-बिजागऱ्यांवर बसतं आणि सगळ्यात आवडीने बसतं ते घर थंड-गरम करणाऱ्या यंत्राच्या बाहेरच्या युनिटवर. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. आमच्या युनिटने जितकं मीठ खाल्लं तितकं घरातल्या कोणीही खाल्लं नसेल, पण जागायचं सोडा, ऐन वेळी ते नेमकं झोपतं.

यंत्र घेतानाच मी पहिली चूक केली. खोली बेताची, तरी मी दोन टनांचं घेतलं. मोठं ते चांगलं, या एकाच तत्त्वावर मी आयुष्यभर खरेदी करत आलोय. आईने ऐकलं आणि घाबरून म्हणाली, "अरे, दोन टन? भिंत पेलेल का?" मी तिला ऐटीत समजावलं की हा टन वजनाचा नाही. एक टन बर्फ, म्हणजे सुमारे 907 किलो, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता खोलीतून उपसायची ताकद म्हणजे एक टन. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग एवढा बर्फ कशाला लागतो आपल्याला?"

हा प्रश्न मेकॅनिकनेही नंतर विचारला, तेव्हा कुठे तो माझ्या डोक्यात शिरला. समुद्राकाठी गरमीपेक्षा दमटपणा जास्त छळतो. आमचं दांडगं यंत्र पाच मिनिटांत खोली गार करायचं आणि काम झालं म्हणून थांबायचं. हवेतलं पाणी काढायला त्याला सवडच मिळायची नाही. त्यामुळे खोली गार, पण गुहेसारखी. चादर ओलसर, वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी आवाज नाही. हवेतल्या वाफेचं एक लिटर पाणी करायचं तर सुमारे 0.7 युनिट विजेएवढी उष्णता नुसती त्यातच बाहेर काढावी लागते, तापमान अर्ध्या अंशानेही न उतरता. मुळात 1902 साली विलिस कॅरिअर या अमेरिकन इंजिनिअरने आपलं पहिलं यंत्र आखलं, तेच ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यातल्या दमटपणासाठी. हवा ओली झाली की कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. म्हणजे हे सगळं कागदासाठी सुरू झालं. माणसाचा नंबर नंतर लागला, आणि आमच्या घरी तर अजून लागायचाच आहे.

थंडीत हेच यंत्र उलटं चालतं. आतली उष्णता बाहेर टाकण्याऐवजी बाहेरची उष्णता गोळा करून आत आणतं. बाहेर कुडकुडायला होत असताना तिथून उष्णता कशी काय आणतात, हे मला तीनदा समजलंय आणि चारदा विसरायला झालंय. पहिल्या थंडीत हीट मोड लावला, तेव्हा आधी घरभर एक वास सुटला. उन्हाळाभर कॉइलवर, म्हणजे यंत्रातल्या नळ्यांच्या जाळीवर, साचलेली धूळ आणि बुरशी एकदम शेकली गेली की सुटतो तो. बायको म्हणाली, "अहो, काहीतरी मेलंय आत." थोड्या वेळाने यंत्र आपणहून थांबलं आणि बाहेरच्या युनिटमधून पांढरे लोट निघाले. शेजारचे काका बादली घेऊन धावत आले. आग नव्हती. दमट हवेमुळे बाहेरच्या कॉइलवर बर्फाचा थर धरतो आणि तो वितळवायला यंत्र काही मिनिटं दिशा बदलतं, त्याची ती वाफ होती. हे मला माहितीपुस्तिकेच्या 31व्या पानावर सापडलं. तोवर काकांची बादली रिकामी झाली होती. (युनिटला गोड्या पाण्याची अंघोळ झाली ती तेवढीच. तिचं महत्त्व पुढे कळेल.)

असं हे बाहेरचं युनिट. आतलं पांढरंशुभ्र, नाजूक, रिमोटने बोलणारं. पाहुणे कौतुक करतात ते त्याचं. बाहेरचं मात्र एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावासारखं, ऊन-वारा अंगावर घेत बारा महिने राबणारं. मला त्याची दया यायची, आणि मी दया करायला लागलो की वस्तूंचं काही खरं नसतं.

पहिली दया प्रेशर वॉशरने झाली. मीठ धुवायचं तर दणक्यात धुवावं म्हणून जोराची धार मारली. कॉइलवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, ज्यांना फिन म्हणतात, कागदाएवढ्या पातळ असतात हे धार मारून झाल्यावर कळलं. उभ्या पिकातून बैल गेल्यासारख्या त्या आडव्या झाल्या. आता हवा जायला वाटच उरली नाही. मग त्या सरळ करायला खास कंगवा मिळतो म्हणून तो आणला. माझ्या स्वतःच्या डोक्याला कंगवा लागायचा बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्या रविवारी मी गॅलरीत बसून यंत्राचा भांग पाडत होतो आणि मुलगी त्याचा व्हिडिओ काढत होती.

दुसरी दया आतल्या कॉइलवर केली. कुठेतरी वाचलं होतं की व्हिनेगर मारलं की बुरशी मरते. म्हणून मी दर पंधरा दिवसांनी मारत राहिलो.

तिसरी दया सगळ्यात मोठी. बाहेरच्या युनिटवर मी छप्पर घातलं. साधंसुधं नाही. वर पत्रा, तिन्ही बाजूंनी झडप, पुढे हवा जायला जागा सोडलेली. पावसाचा एक थेंब आत येणार नाही अशी व्यवस्था. शेजारच्या काकांचं युनिट तसंच उघड्यावर, पावसात चिंब भिजायचं. मी त्यांना दोनदा सुचवलंसुद्धा, "काका, थोडं लक्ष द्या हो त्याच्याकडे." तिसऱ्यांदा सुचवलं तेव्हा त्यांनी विषय बदलून क्रिकेटवर नेला.

त्यानंतर दर उन्हाळ्यात आमचं यंत्र गार वारा देईनासं व्हायचं. तेव्हा दुसरा मेकॅनिक यायचा. तो दारातूनच सांगायचा, "गॅस संपलाय." गॅस भरायचा, हात पुसायचा, जायचा. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा, "गॅस संपलाय." तीन वर्षं मी मान डोलावली. जसं गाडीत पेट्रोल संपतं, तसा यंत्रात गॅस संपतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पण हा गॅस जळत नाही की खर्च होत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी पळाला, आणि पळाला ती वाट बुजवली नाही तर नवाही तिथूनच पळणार. भोक पडलेल्या पिंपात आम्ही दरवर्षी पाणी ओतत होतो आणि वर पिंपाची पूजाही करत होतो.

ही भानगड त्या भुकटीवाल्या मेकॅनिकने उघडकीला आणली. हा वयाने मोठा, बोलणं कमी. बाकीच्या स्क्रूंची मनधरणी करून त्याने झाकण काढलं, नळ्यांत नायट्रोजन भरून दाब चढवला आणि एका स्प्रेमध्ये साबणाचं पाणी घेऊन सांधे न् सांधे ओले करत गेला. मी मागे उभा. एका वाकणाशी, जिथे तांब्यावर हिरवट डाग होता, तिथे मोहरीएवढा एक बुडबुडा धरला. फुगत फुगत वाटाण्याएवढा झाला आणि फुटला. लगेच दुसरा. आम्ही दोघं न बोलता बघत राहिलो. तीन वर्षांचा गॅस त्या टाचणीच्या टोकाएवढ्या वाटेने निघून गेला होता.

मग त्याने फिनना हात लावला. पांढरी पूड त्याच्या बोटांना लागली. म्हणाला, "तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियम घट्ट बसवलेलं, आणि दोघांच्या मध्ये खारं पाणी. साहेब, ही बॅटरी झाली. यात ॲल्युमिनियम स्वतःला खाऊन घेतं." मुलगी लगेच म्हणाली, "बाबा, आपलं युनिट वीज तयार करतंय, मग बिल कमी का येत नाही?"

"पण खारं पाणी येईल कुठून?" मी शेवटचा बचाव मांडला. "लाटा काही इथवर येत नाहीत."

"लाटा कशाला हव्यात? मीठ बसलेलं आहे ना! हवा दमट झाली की ते आपणच पाणी ओढून घेतं." हे मी नंतर वाचून पडताळलं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतल्या पाण्यातच विरघळायला लागतं, आणि आमच्याकडे रात्री तेवढी आर्द्रता असतेच. म्हणजे मी दिवसा दया करायचो आणि युनिट रात्रभर खाऱ्या पाण्यात उभं.

आतल्या कॉइलपाशी आल्यावर त्याने वास घेतला. "काय मारता यावर?" मी व्हिनेगर म्हटल्यावर कपाळाला हात लावला. म्हणाला, "असली आम्लं तांब्याला लागली की आत मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक भोकं पडत जातात. दिसत नाहीत, पण गळतात." यातला 'सारखी' हा शब्द बायकोने ऐकला नाही. तिने त्याच संध्याकाळी यंत्राच्या खाली मुंग्यांची पावडर टाकली.

सगळ्यात शेवटी तो मागे सरकला, कमरेवर हात ठेवून वर बघितलं आणि म्हणाला, "हे छप्पर कोणी घातलं?"

"मी!" मी अजूनही कौतुकाच्या आशेवर होतो.

"काढा."

मग त्याने शेजारच्या युनिटकडे बोट दाखवलं. काकांचं, उघड्यावरचं. आमच्याच वर्षी घेतलेलं. रंग थोडा उडालेला, पण फिन शाबूत आणि स्क्रूंना डोकी जिथल्या तिथे. "पाऊस पडला की त्यावरचं मीठ धुऊन जातं. तुमच्यावर वारा मीठ आणून टाकतो आणि पाऊस येऊ देत नाही तुम्ही. आणलेलं न्यायचं कोणी?" आमच्या घरी फुकट येऊन काम करणारा एकच नोकर होता, आणि त्याला मी पत्रा घालून दाराबाहेर उभं केलं होतं.

नवी कॉइल बसली, फिनवर निळसर लेप असलेली. सूचना दोनच मिळाल्या. पाऊस नसेल तेव्हा महिन्यातून एकदा यंत्र बंद करून साध्या पाइपने गोडं पाणी सोडायचं, झाडांना घालतो तसं, हळू. आणि दुसरी, हे बोलताना त्याने बायकोकडे बघितलं, "साहेबांना सोडू नका फार जवळ."

छप्पर मी स्वतः उतरवलं. त्याचेही चार स्क्रू निघाले नाहीत.

पहिला पाऊस आला तेव्हा मी गॅलरीत होतो. सरी तिरप्या येत होत्या, युनिटच्या पाठीवरून पाण्याचे ओघळ जात होते, पंख्याच्या जाळीतून थेंब टपकत होते. शेजारच्या गॅलरीतून काकांनी डोकं बाहेर काढलं. बऱ्याच वर्षांचं साठवून ठेवलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"अहो," ते म्हणाले, "भिजतंय ते! थोडं लक्ष द्या हो त्याच्याकडे."