बर्फातली गाय ‘आपोआप’ जगत नाही

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरतोय. डोंगराच्या पायथ्याशी काळ्या गायी, पाठीवर बर्फाचा थर आणि खाली मजकूर: ‘अमेरिकेत मोंटानात उणे ३० अंशांत गायी उघड्यावर राहतात. ना गोठा, ना वैरण. बर्फ उकरून चरतात, तहान लागली की बर्फ खातात, मालक घरात शेकत बसतो. आपले शेतकरी मात्र गुरांचे नसते लाड करतात.’ मोंटानातल्या एका खोऱ्यात मी दोन हिवाळे गुरांमागे काढलेत. हे वाचून गप्प बसवेना.

‘गायींना थंडी लागतच नाही.’ पाठीवरचा बर्फ वितळत नाही ही चांगलीच खूण आहे. केसांच्या दाट थरातून आतली ऊब बाहेर जात नाही, असा तिचा अर्थ. पण हा थर कोरडा असेल तरच कामाचा. कोरड्या, दाट केसांची धडधाकट गाय साधारण उणे ८ अंशांपर्यंत जादा खुराकाशिवाय निभावते. तीच भिजली की १५ अंशांतही तिला अंगातली ऊब टिकवायला जादा खुराक लागतो. शेजारच्या साउथ डकोटात ऑक्टोबर २०१३ मध्ये हेच घडलं. हिवाळी केस अजून आले नव्हते. आधी पावसानं झोडपलं, मग वारा आणि बर्फ. हजारो गुरं मेली.

‘बर्फ उकरून चरतात.’ भुसभुशीत बर्फ गाय तोंडानं बाजूला सारते, हे खरं. वरचा थर वितळून पुन्हा गोठला, की त्याची फरशी होते आणि गवत समोर असून तोंडाला येत नाही. १८८६-८७ च्या हिवाळ्यात मोंटानाचे कळप असेच उपाशी मेले, कारण तेव्हा फारसं कोणी वैरण साठवत नव्हतं. पुढं चित्रकार म्हणून गाजलेला चार्ली रसेल तेव्हा तिथं गुराखी होता. मालकानं कळपाची खबर विचारली, तेव्हा त्यानं हाडं वर आलेल्या एका गायीचं चित्र काढून पाठवलं.

त्या धड्यानंतर गवत कापून गंजी घालायची रीत पक्की झाली. तिथल्या बिग होल खोऱ्याला तर ‘दहा हजार गंजींचं खोरं’च म्हणतात. एका गायीला रोज १२ किलो वाळलेलं गवत धरा. पाच महिन्यांत ३०० गायींना ५०० टनांच्या वर लागतं. ते सगळं उन्हाळ्यात कापलेलं असतं, आणि थंडी वाढली की रोजचं मापही वाढतं. कोठीपोटात, म्हणजे गायीच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात, ते गवत आंबताना जी ऊब निघते, तीच गायीची शेगडी.

पाण्याचं म्हणाल, तर स्वच्छ, मऊ बर्फ खायला काही गायी शिकतात. पण पाणी कमी पडलं की खाणं घटतं, म्हणून रोज सकाळी कुऱ्हाडीनं ओढ्याचा बर्फ फोडावाच लागतो.

आणि ‘मालक घरात शेकत बसतो’? फेब्रुवारी ते एप्रिल हा तिथं विण्याचा हंगाम. पहिलारू कालवडींकडे रात्री दर दोन तासांनी फेरी असते. एका पहाटे एक वासरू नुकतंच जन्मलेलं, ओलंचिंब, कान ताठरलेले. सोबतच्या बाईंनी त्याच्या तोंडात बोट घातलं. आतून गार लागलं. बोट चोखण्याचीही ताकद नव्हती. गाडीत हीटरसमोर पोतं अंथरून त्याला ठेवलं, घासून घासून कोरडं केलं, मग त्याच्या आईचा चीक काढून नळीनं पोटात घातला. वासराला आईच्या पोटात असताना रोगाशी लढायचं बळ मिळत नाही, ते पहिल्या काही तासांतल्या चिकातूनच मिळतं. उशीर झाला, तर थंडीतून वाचलेलं वासरू पुढं हगवणीनं जातं. तासाभरानं ते माझा अंगठा चोखायला लागलं. कानांची टोकं पुढं गळून गेली, पण वासरू वाचलं.

तेवढ्यात पुढच्या फेरीची वेळ झालीच होती. बाईंनी हातमोजे चढवले आणि बॅटरी घेऊन त्या पुन्हा बाहेर पडल्या.