‘काकापुराण’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. माड दाट लावू नयेत हा काकांचा सल्ला मी कसा धुडकावला, यावर लेख लिहिला; त्याला तुम्ही ‘काकापुराण’ म्हणालात. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा राग येईपर्यंत, एकदा राग आल्यावर.

आधी चूक कबूल करतो. दोन माडांमधलं अंतर मी साडेसात फूट लिहिलं, ते साडेसात मीटर हवं, म्हणजे जवळपास 25 फूट. दुरुस्त केलंय. आभार.

पण ‘पन्नाशी उलटली की सगळ्यांनाच वडीलधारे शहाणे वाटायला लागतात’ हे वाक्य कशासाठी? माझं वय काढल्याशिवाय मुद्दा मांडता येत नव्हता? आणि वर ते हसरं तोंड चिकटवायचं, म्हणजे कोणी रागावलं तर ‘अहो, गंमत केली’ म्हणायला मोकळे.

ऐका आता. 1994 साली माड लावले तेव्हा मी 24 वर्षांचा होतो. काका पडवीतूनच म्हणाले, ‘‘झावळीला झावळ लागली की माड उजेडामागे धावतो.’’ मी कागदावर हिशेब मांडला: अर्ध्या एकरात 25 फुटांवर साधारण 35 माड, 18 फुटांवर 67. काकांना गणित येत नाही, असं त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. बाणवली जातीचे माड, फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. तोवर बरोबर मीच दिसत होतो!

मग मधले माड काटकुळे होत वर गेले, काही कलले, नारळ मोजकेच. शेजाऱ्यानेही दाटच लावले होते. तो वर्षानुवर्षं खत वाढवत राहिला. मला खताचा संशय आला नाही, कारण काकांचं ते वाक्य डोक्यात कुठेतरी पडून होतं. ठेच दोघांनाही लागली. कशाला लागली ते मला एकट्याला कळलं. 2006 साली मधले माड तोडले. काका तोवर गेले होते. आणि मी 36 वर्षांचा होतो, पन्नास नव्हे. मोजून पाहा.

काकांचे फसलेले सल्ले मी लिहीत नाही, असंही तुमचं म्हणणं. असतील फसलेले. एका पतपेढीत पैसे ठेवायलाही त्यांनीच सांगितलं होतं, पण तो विषय वेगळा. लेख माडांवर होता.

भाषा, लांबी वगैरेंबद्दल काय बोलायचं? आवडलं नाही तर वाचू नका. मात्र ‘काकापुराण’ हा शब्द मागे घ्या. आणि पुढच्या वेळी नाव लिहून बोला.