रिमूव्हरचा डबा आणि 'तुमच्याकडचे लाड'

दिवाळीआधी रंगकाम निघालं की पुण्याहून ठरलेला सूर ऐकू येतो: "तुमच्याकडे काय, ऊठसूट बंदी! आमचे रंगारी तीस-तीस वर्षं रिमूव्हर वापरतायत, कोण मेलंय?" जुन्या सागवानी दारावरचा ऑइल पेंट, हार्डवेअरच्या दुकानातला डबा, बंद खोली आणि उघडे हात. त्यावर, जुना रंग उतरवणाऱ्या या रिमूव्हरमधल्या मिथिलिन क्लोराइडवर मी राहतो त्या अमेरिकेत आलेली बंदी म्हणजे गोऱ्यांचे लाड. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

कोण मेलंय, ते इथे मोजलेलं आहे. २००० ते २०११ या काळात बाथटबवरचा जुना थर काढताना किमान १३ कामगार दगावले, मिथिलिन क्लोराइडच्या रिमूव्हरने. त्याची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड. ती खिडकीकडे जात नाही, टबात साठते, आणि माणूस त्याच टबात वाकून खरवडत असतो. वासावर विसंबावं तर वास जाणवेपर्यंत कारखान्यांसाठी १९९७ मध्ये घातलेली २५ पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) मर्यादा कैकपटींनी ओलांडलेली असते. शरीरात त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो, हृदयाला प्राणवायू कमी पडतो आणि दाखल्यावर 'हार्ट अटॅक' येतो. पुण्यात रंगारी कामावर कोसळला, तर कागदावर दुसरं काय लिहिलं जाणार? नोंदच नसेल तर "कोण मेलंय" हा प्रश्न विचारायला फार सोपा आहे.

"आमचा माणूस हातमोजे घालतो, मास्क लावतो." साधे रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे हे द्रव काही मिनिटांत पार करतं. मास्कमधलं कोळशाचं कार्ट्रिज (वाफ शोषणारी डबी) त्यापुढे फार टिकत नाही. खरं संरक्षण म्हणजे नळीने बाहेरची हवा. शिवाय ते ४० अंशांच्या आसपास उकळतं. मे महिन्यात नागपूरला डब्याचं झाकण उघडताना फसकन पिचकारी उडते ती यामुळेच. वाफ दाबून धरायला त्यात मेण घालतात, म्हणून जाड थर एकाच दिशेने एकदाच ओढायचा असतो. ब्रश मागेपुढे घासला की मेणाची साय फुटते, द्रव उडून जातं, रंग सुटत नाही, मग आणखी ओतलं जातं.

आणि निम्म्या कामाला रिमूव्हर लागतच नाही! जुन्या कपाटावर चपड्याचं पॉलिश असेल तर कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा दोन मिनिटं धरा. चिकट झालं की स्पिरिट आणि काथ्यानेच निघतं. लॅकर असेल तर ते थिनरने विरघळतं. दोन्हींना दाद दिली नाही तर तो ऑइल पेंट. त्याला बेंझिल अल्कोहोलची (रंग सैल करणारी) जेल, दोनेक मिलिमीटर जाड, वरून प्लॅस्टिकचा कागद, कडा चिकटवून. चार-सहा थर असतील तर रात्रभर ठेवायची. कडेला वाळलं तर तिथला रंग तसाच राहतो. कॉस्टिक सोड्याच्या वाटेला सागावर जाऊ नये, लाकूड काळवंडतं. आणि जुना रंग कोरडा घासू नका: भारतात घरगुती रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासूनची, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. पाणी फवारून ओलंच खरवडायचं. हीट गन लावलीच तर ५९० अंशांच्या आत, नाहीतर शिशाचा धूर.

जेल महाग आणि संथ आहे हे मान्य. चौरस फुटाने पैसे घेणाऱ्याला रात्रभर थांबणं परवडत नाही. ती रात्र घरमालकाने मोजावी. पण घासाघीस नेमकी तिथेच होते.

आता माझी बाजूही जरा लंगडीच. युरोपने दुकानातली विक्री आणि कारखान्याबाहेर धंदेवाईकांचा वापर, दोन्ही २०१२ पर्यंत जवळपास बंद केलं. अमेरिकेने २०१९ मध्ये फक्त हौशी गिऱ्हाइकाला वाचवलं. मजुरीवर खरवडणाऱ्याचा नंबर लागला २०२४ मध्ये. मौल्यवान जुन्या लाकडी वस्तूंच्या कामाला तर २०२९ पर्यंत मुदत. म्हणजे "तुमच्याकडे लाड" हे खरंच होतं, फक्त टबात वाकलेल्याचे नव्हते. पुण्याशी वाद घालताना मी हे गाळतो. तेवढ्यापुरतं इथलं सगळं 'आमच्याकडे' होतं. इथल्या माणसाने भारतातल्या रंगाऱ्यांबद्दल नाक मुरडलं की तोच शब्द मुकाट्याने पुण्याला परत जातो.

डबा आणलाच असेल तर उलटा करून बारीक अक्षरं वाचा. ७५-०९-२ हा मिथिलिन क्लोराइडचा नोंदणी क्रमांक दिसला तर न फोडता दुकानदाराला परत करा. तो हसेल. हसू दे.